खाडीच्या पाण्यानं काढलेली खाडी

वासंती, परवा पालघरला तुझी शोकसभा झाली आणि मी ती अर्ध्यात सोडून बाहेर आले. हे तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून सांगते. बाकीचे तिखटमीठ लावून सांगतील.

व्यासपीठावर तुझा हार घातलेला फोटो होता. फ्रेम माझी नव्हती. कुणीतरी घाईत सोनेरी प्लास्टिकची पट्टी मारून आणली होती, कोपरे जुळलेले नव्हते, एका कोपऱ्यातून पिनेचं टोक बाहेर आलं होतं. माझं डोकं तिथंच फिरायला लागलं. मग एक गृहस्थ माइकवर आले नि म्हणाले, वासंतीताईंना निसर्गाच्या कुशीत शांती मिळाली. दुसरे आले, त्यांनीही शांतीच काढली. तिसऱ्या बाईंनी तुला मृदू म्हटलं. तेव्हा मी खुर्ची सरकवून उठले. खुर्चीचा आवाज झाला तो झाला.

तू मृदू असतीस तर माझा घसा इतका बसला नसता. आणि शांती? शांती पाहिजे असलेला माणूस खाडीवर येतो, वारा खातो, घरी जातो. तू तिथं हुज्जत घालायला बसायचीस. खाडीशी, उन्हाशी, आपल्या मोडक्या हाताशी, आणि मी आले की माझ्याशी. तुला खाडीनं काही कुशीत वगैरे घेतलं नाही. तू तिच्यापुढे ठाण मांडलंस. मला वाटतं तिनंच कंटाळून तुला जागा दिली.

पहिल्यांदा माझ्या दुकानात आलीस ते आठवतं का? तेव्हा दुकान म्हणजे बोईसरच्या रस्त्याला पत्र्याची टपरी होती. मी वीटभट्टीवर वाढलेली, मनोरच्या पलीकडच्या डोंगरातली. दिवाळी झाली की आमचं घर भट्टीवर, पाऊस आला की परत गावी. त्यातून सुटून कुंभवलीला आले, कारखान्यांतून फेकलेले पॅकिंगचे खोके उचलले, खिळे काढले, फळ्या रंधल्या आणि देवांच्या तसबिरी करायला लागले. कुणी शिकवलं नाही. भाव करायला तर मुळीच कुणी शिकवलं नाही, ते पोटानं शिकवलं. गिऱ्हाइकाच्या चपलेकडं बघून मी भाव सांगत असे.

तुझ्या पायात चप्पल नव्हती, चिखल होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. डाव्या हातात गुंडाळी. उलगडलीस तर खाडीचं चित्र. रेघा कापत होत्या, बांध एकीकडं कललेला होता. मी म्हटलं, पोरीनं काढलं का? तू म्हणालीस, "मीच काढलं. डाव्या हाताचं हाय, त्याचं वय तीन महिने. फ्रेम कर."

मी म्हटलं, साधी पट्टी लावते, वर पॉलिश मारते. तू भिंतीला टेकवलेली एक फळी उचललीस. खोक्याचीच, तिच्यावर वर जाणारा बाण आणि काचेच्या ग्लासाचं चित्र छापलेलं. ही लाव, म्हणालीस, आणि बाण खोडायचा नाय. मी तुला वेड्यात काढलं. बाण छापलेली फ्रेम कोण भिंतीला लावतं? "मशीनच्या खोक्यावर लिवतात, सांभाळून उचला. माणसावर कोण लिवत नाय. माझ्या चित्रावर तरी राहू दे." मग फडकं बांधलेला हात माझ्यापुढे धरलास. कारखान्यात पॅकिंगच्या मशीनमध्ये दोन बोटं गेली होती. तू रडत नव्हतीस. माझ्याकडं असं बघत होतीस, की मी रडले असते तर मला मारलं असतंस.

त्या दिवशी मी सांगितला तो भाव तू मान्य केला नाहीस, आणि तू सांगितलास तो मी. शेवटी तू जिंकलीस. मला गिऱ्हाइकाकडून हरायची सवय नव्हती. म्हणून तू गेल्यावर मी दिवसभर सगळ्यांवर खेकसले, आणि दुसऱ्या रविवारी तुला शोधत खाडीवर आले.

तू उघाडीवर बसली होतीस. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात जो लाकडी दरवाजा असतो, त्याच्या कठड्यावर. मी विचारलं, घरी बसून काढता येत नाही का? म्हणालीस, घरी सगळे हाताकडं बघतात. इथं कोण बघत नाय. मग बांधाखालचं एक तिवराचं झाड दाखवलंस. कुणीतरी सरपणाला बुंध्यापासून तोडलेलं, आणि बुंध्याच्या कडेनं नवे फुटवे आलेले. त्याचं एक पान तोडून माझ्या हातात दिलंस नि म्हणालीस, चाट. मी म्हटलं, मी काय शेळी आहे? "चाट तर खरी, शेटाणी." चाटलं. खारट. तू म्हणालीस, हे झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानातून बाहेर टाकतं. गोडं पाणी मिळेल म्हणून वाट बघत बसत नाय. आहे त्यावर जगतं, आणि नको ते अंगावर वागवत नाय, बाहेर काढतं.

तेव्हापासून तू मला शेटाणी म्हणायला लागलीस. आईबापांनी ठेवलेलं पार्वती नाव तुझ्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मग आपलं मोठं भांडण सुरू झालं, ते तू गेलीस तरी संपलेलं नाही. पाण्याचं.

तू ज्या जागेचं चित्र काढायचीस त्या जागेच्या पाण्यात रंग कालवायचीस. चिकूच्या वाडीचं चित्र वाडीतल्या विहिरीच्या पाण्यात, ओढ्याचं ओढ्याच्या. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण खाडीचं चित्र खाडीच्या पाण्यात. भरती पूर्ण चढली आणि पाणी क्षणभर थांबलं, की तू डबा बुडवायचीस. त्या पाण्यात मीठ. कागद वाळला की आभाळाच्या रंगात मिठाचे कण फुलायचे, ढगांसारखे. सुंदर दिसायचं, मी नाही म्हणत नाही. तुझ्या तोंडावर मात्र कधी कबूल केलं नाही.

पण पावसाळा आला की काय? मीठ ओल ओढतं. चित्राला आतून घाम फुटायचा. काचेवर थेंब, पुठ्ठा मऊ, कोपऱ्यात बुरशी. लोकांनी चित्र तुझं घेतलेलं असायचं, पण परत घेऊन यायचे माझ्याकडं. गावातल्या कारखान्यातला एक फोरमन, गोरखपूरकडचा, खोलीत लावायला हौसेनं घेऊन गेला होता. श्रावणात फ्रेम बगलेत मारून हजर. "भाभी, फोटो को पसीना आ रहा है।" दुकानात पाचसहा माणसं उभी, सगळी हसली. मी त्याची काच पुसली, पुठ्ठा बदलला, आणि तशीच रिक्षा करून तुझ्याकडं आले. बांधावर उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. नळाचं पाणी घे, माझं नाव बुडवू नको, दुकान मी खिळे चावून उभं केलंय. तू ब्रश न थांबवता म्हणालीस, खाडीला घाम येतो तर तिच्या फोटोला का येऊ नये?

तू पाणी बदललं नाहीस. मीच फ्रेम बदलली. काच कागदाला टेकू नये म्हणून मधे बारीक पट्टी बसवायला लागले. मागच्या पुठ्ठ्याला भोकं पाडली, वारा खेळावा म्हणून. दाभोलकरांच्या, म्हणजे काचवाल्यांच्या दुकानातल्या पोरांनी माझी टिंगल केली, बाईची फ्रेम श्वास घेते. घेऊ दे म्हटलं. तुला वाटलं असेल, शेटाणी नमली. शेटाणी नमली नव्हती. शेटाणीला तिच्या हातचं काम परत आलेलं खपत नव्हतं.

आणि ती रांग. दरवर्षी पाऊस सरला, पाणी निवळलं, की उघाडीवरून त्याच जागेवरून एक चित्र. आभाळ, बांध, तिवरं तू रंगवायचीस. खाडीच्या जागी रंग लावायचाच नाहीस. नुसतं तिचं पाणी रुंद ब्रशनं फिरवायचीस, पुन्हा पुन्हा, एक थर वाळला की दुसरा. जे उतरेल ते उतरेल. चांगल्या वर्षी कागदावर रुपेरी राखाडी छटा यायची, गाळाची. काही वर्षी तांबूस आली. एका वर्षी पिवळट वर्तुळं उठली, आणि ते चित्र करताना तुझ्या बोटांना खाज सुटली होती. कुणाच्या पाइपातनं काय आलं, ते तुला माहीत नव्हतं नि मलाही नाही. तू कुणाचं नाव घेतलं नाहीस. म्हणालीस, मी कोण बोलणार, तीच बोलते. मी फक्त कागद धरते.

तुमच्या घराचं कौल गळतं म्हणून ती रांग माझ्या नव्या, पक्क्या दुकानाच्या पोटमाळ्यावर लावली. लोक रुपेरी चित्रं मागायचे आणि मी तुझ्या मागे लागायचे, दे एखादं, काय बिघडतं? तुझं एकच उत्तर. जिन्याची पायरी काढून विकतं का कोण? मी म्हणायचे, जिना कुठं जातो ते तर सांग. ते तू कधी सांगितलं नाहीस.

आता माझी तक्रार ऐक. शोकसभेत बोलू दिलं असतं तर मी हीच बोलले असते.

होळीच्या सुमाराला मी तुझ्यासाठी फिल्टरच्या पाण्याचा मोठा कॅन घेऊन उघाडीवर आले होते. तू खोकत होतीस. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, निदान या घाण पाण्यात हात घालू नको, हे घे, यात रंग कालव. तू कॅनचं झाकण उघडलंस, ओंजळीनं प्यायलीस आणि म्हणालीस, "गोड हाय. प्यायला बरं हाय." आणि ब्रश खाडीच्या डब्यात बुडवलास. मी कॅन तिथंच टाकून निघून आले. मागे वळून बघितलं नाही. तू हाक मारलीस की नाही, तेही मला माहीत नाही, कारण हायवेचा ट्रकसुद्धा ऐकू येऊ नये इतकं माझं डोकं तापलं होतं.

मी वाट बघत होते, तू येशील म्हणून. दरवेळी तूच यायचीस. दोन पानांत चार चिकू बांधून, भांडण झालंच नाही अशा तोंडानं. या वेळी आली नाहीस. गौरी गेल्या आणि तुझा धाकटा भाऊ नंदू दुकानात येऊन उभा राहिला, आणि त्याच्या हातात चिकू नव्हते.

तू महिनाभर दवाखान्यात होतीस. मी दुकानात बसून तुझ्यावर रागावत होते, तेव्हा तू तिथं होतीस. मी नंदूला धरलं, मला का कळवलं नाही? तो बिचारा म्हणाला, ताईच म्हणाली, सांगू नको. "शेटाणी येईल आणि डाक्टरशी भाव करत बसेल."

केला असता. डॉक्टरशी काय, यमाशी केला असता. इतकी वर्षं मी भावच करत आले, आणि जिथं करायला पाहिजे होता तिथंच तू मला येऊ दिलं नाहीस. हे मी तुला माफ केलेलं नाही. तू वर जाऊन कुणालाही विचार, ही चूक तुझी आहे.

पण तू तिथंही थांबली नाहीस. जाताना मला तुझी बाजू घ्यायला लावून गेलीस.

गेल्या आठवड्यात नंदू एका माणसाला घेऊन आला. मनोरजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर, गुळगुळीत दाढीचा, वागायला चांगला. त्याला तुझी चित्रं जेवणघरात लावायची होती. वाडीची, ताडांची, ओढ्याची बघितली, आवडली. मग पोटमाळ्यावर चढला आणि रांगेपुढे उभा राहिला. एकेक चित्र जवळ जाऊन बघितलं, त्यामुळं मला तो जरा बरा वाटायला लागला. मग त्यानं बोट दाखवायला सुरुवात केली. हे द्या, हे द्या, ते शेवटचं द्या. सगळी रुपेरी. तांबडीपिवळी नकोत, जेवताना बरी दिसत नाहीत. तुमची हरकत नसेल तर त्यांचे फोटो काढून निळ्या रंगात छापून घेऊ.

माझ्या तोंडून निघालं, "जिन्याची पायरी काढून विकतं का कोण?"

वासंती, तो शब्द माझ्या तोंडात आला कसा? आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध भांडले तो शब्द. मी स्वतःच दचकले. मॅनेजरला कळलं नाही. त्यानं भाव वाढवला. मी म्हटलं, भावाचं बोलूच नका. घ्यायची तर सगळी रांग, याच क्रमानं, आणि लावायची एका भिंतीवर. नाहीतर खाली चहा आहे, पिऊन जा. तो म्हणाला, बाई, धंदा असा नसतो. मी म्हटलं, धंदा मला शिकवू नका, मी धंद्यानंच इथवर आले.

पण चित्रं माझी नव्हती. ती नंदूची. मॅनेजर खाली चहा घेत होता तेव्हा नंदूनं मला हळूच विचारलं, ताई तुला काय सांगून गेलीय का, रांग मोडायची नाय म्हणून? हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. नंदू तुझा शब्द मोडणारा नाही. पण तुझ्या नावावर खोटं बोलायला जीभ वळेना. मी म्हटलं, नाय सांगितलं. तुझ्या बहिणीनं मला कधी काय सरळ सांगितलंय? तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. म्हणाला, घराचं छप्पर करायचं हाय, वयनी. मी कुणाच्या जेवणघरासाठी विकत नाय.

त्याचं खरं होतं. गळक्या छपरापुढे रांगेची काय किंमत? मग मी माझा सौदा मांडला. तुझी बाकी सगळी चित्रं, वाडीची, ताडांची, ओढ्याची, मी फ्रेम करून देते. चांगल्या सागवानी पट्टीत, श्वास घेणाऱ्या पुठ्ठ्यासकट, माझ्या खर्चानं. ती मॅनेजरनं घ्यावीत, त्याचा चांगला भाव मी स्वतः ठरवून देते, सगळा नंदूचा. रांग मात्र पोटमाळ्यावर राहील, आणि ती कुणाच्या मालकीची हे मी आणि नंदू पुन्हा कधी बोलणार नाही. मॅनेजर शेवटपर्यंत एका रुपेरी चित्रासाठी अडून बसला. मीही बसले. संध्याकाळी त्याचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला, तेव्हा तो उठला आणि हो म्हणाला.

मी या सौद्यात पुरती बुडाले. अशी बुडीत मी कधी गेले नव्हते. दिवाळीचं माझं सगळं काम त्या फ्रेमांत जाणार. तुला हसू येत असेल तर हस.

परवा सभेतून उठून आले, आणि काल सकाळी नंदूकडून तुझा रुंद ब्रश आणि तो डबा मागून घेतला. तुझा नेहमीचा कागद घेतला. दसरा झाला, पाणी निवळलंय, आणि या वर्षाची पायरी अजून बसलेली नव्हती.

उघाडीवर कुणी नव्हतं. मी टाकून आलेला कॅन तिवरांच्या मुळांत चिखलात रुतलेला होता, रिकामा. तोडलेलं ते तिवर आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय, तोडल्याची खूण शोधावी लागते. मी भरती चढायची वाट बघत बसले. बांधावरून जाणाऱ्या एका कोळणीनं विचारलं, बाय, काय करते? मी म्हटलं, चित्र काढते. तिनं माझ्या हाताकडं बघितलं नि म्हणाली, तुला येतं? मी म्हटलं, नाय.

पाणी थांबलं तेव्हा डबा बुडवला. आभाळ मला येत नाही, बांध येत नाही, तिवरं तर नाहीच. मी रंगाची पेटी नेलीच नव्हती. फक्त पाणी फिरवलं. संपूर्ण कागदभर. वाळू दिलं, पुन्हा फिरवलं. पट्टे एकीकडं कलले, तुझ्या पहिल्या चित्रातल्या बांधासारखे. सोबत नळाच्या पाण्याची बाटली होती, ती मी पिऊन टाकली. गोड होती.

रात्रीत कागद वाळला. फिकट मातकट छटा उतरलीय, एका कोपऱ्यात जरा तांबूस. कडेला मीठ चमकतंय. बाण छापलेली एक जुनी फळी मी इतकी वर्षं बाजूला ठेवली होती, तिची फ्रेम केली. बाण खोडला नाही. रांगेच्या शेवटी लावण्याआधी ती दुकानात टेकवून ठेवली होती, तेवढ्यात तोच गोरखपूरचा फोरमन मुलीच्या लग्नाचा फोटो घेऊन आला. त्यानं फ्रेम उचलली, उजेडाकडं धरली, उलटी करून मागची भोकं बघितली.

"भाभी, इसमें तो कुछ है ही नहीं।"

मी म्हटलं, अगली बारिश में आना. पसीना आएगा, तब देखना.